कॉलेजात नवं मंडळ काढताय? मग घटना अशी लिहा

वाङ्मय मंडळ असो, खगोल मंडळ असो, फिल्म क्लब असो की ट्रेकिंगचा ग्रुप. कॉलेजात नवं काही उभं राहतं तेव्हा पहिल्या आठवड्यात लोगो होतो, दुसऱ्या आठवड्यात पोस्टर लागतं आणि व्हॉट्सॲप ग्रुप तर त्याही आधी झालेला असतो. घटनेची आठवण होते ती प्राचार्यांच्या कार्यालयातून अर्ज परत आल्यावर. वर शेरा असतो, 'नियमावली जोडावी.' मग कोणीतरी रात्री बसून एखाद्या परदेशी विद्यापीठातल्या क्लबची घटना उतरवून काढतं, नाव बदलतं आणि सकाळी जोडून देतं. अशाच एका घटनेत मी 'विद्यार्थी सिनेटच्या मान्यतेने' असं कलम वाचलं आहे. त्या कॉलेजात असलं सिनेट औषधालासुद्धा नव्हतं.

कॉलेजात असताना आमच्या खगोल मंडळाच्या घटनेचा मसुदा करणाऱ्यांत मी होते. नंतर इतर मंडळांचे मसुदेही तपासून दिले. खाली उदाहरणं खगोल मंडळाचीच घेते, कारण तिथे दुर्बीण असते. महागडी वस्तू, थोडे पैसे आणि दर वर्षी बदलणारी माणसं एकत्र आली की घटना कामाची आहे की नुसती फायलीला लावायला आहे, ते कळतं.

लिहायला बसण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या, की घटना तुम्हा संस्थापकांना फारशी लागणार नाही. तुम्ही एकमेकांना ओळखता, अडलं तर कँटीनमध्ये बसून मिटवता. पण पदवी तीन वर्षांची, नव्या अभ्यासक्रमात फार तर चार. त्यानंतर मंडळात तुमच्यातलं कोणीही नसेल. आज दहावीत असलेली एखादी मुलगी तेव्हा सचिव होईल आणि तिच्या हातात फक्त हा कागद असेल. तिला विचारायला तुम्ही नाही आहात, हे धरून प्रत्येक वाक्य लिहा.

जवळ काय काय हवं

- कॉलेजचे मंडळांविषयीचे नियम, असतील तर. बहुधा ते माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत सापडतात.
- कॉलेजातल्या एखाद्या जुन्या, चालू मंडळाची घटना. झेरॉक्स मागून घ्या. कार्यालयाला कुठली भाषा पसंत पडते ते त्यातून कळतं.
- प्रभारी प्राध्यापक व्हायला तयार असलेल्या शिक्षकांचं संमतिपत्र.
- संस्थापक सभासदांची यादी: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, सही.
- बांधलेली, पानांवर क्रमांक घातलेली एक नोंदवही. हे इतिवृत्ताचं पुस्तक. सुटे कागद नकोत.
- मसुद्यासाठी गूगल डॉक्ससारखी सामाईक फाइल. बदल सगळ्यांना दिसतील, पण करायचा हक्क दोघांनाच द्या. वीस जण एकदम लिहायला बसले की तिसऱ्या कलमावरच रात्र संपते.

१. मंडळ कोणाच्या छत्राखाली, ते आधी ठरवा

मंडळ कॉलेजचं आहे की तुमचं स्वतंत्र, याचं उत्तर पहिल्या कलमात हवं. संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ (१) (ग) ने दिलेलाच आहे. पण कॉलेजची खोली, गच्ची, सूचनाफलक आणि नाव वापरायचं असेल तर कॉलेजची मान्यता लागते आणि सोबत त्यांचे नियमही येतात.

'रजिस्टर करून टाकू' असं कोणीतरी सुचवतंच. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणांची संस्था नोंदवता येते, हे खरं. पण महाराष्ट्रात तिच्या मागोमाग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी येते. मग दर वर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल कळवणारा अर्ज. दर वर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाने हे गळ्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेजच्या मान्यतेवर चालवा.

आणखी एक. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. ती वेगळी गोष्ट. तुमचं मंडळ सगळ्या विद्यार्थ्यांचं प्रतिनिधित्व करतं, असा अर्थ निघेल असं एकही वाक्य घटनेत ठेवू नका. कार्यालयात पहिलं लाल वर्तुळ तिथेच पडतं.

२. नाव आणि उद्देश

यावर एक संध्याकाळ पुरे. नावात कॉलेजचं नाव घालायचं तर परवानगी घ्या. उद्देश तीन-चारच लिहा आणि ते करता येण्याजोगे असू द्या. 'समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे' हे हवं तर असू दे, पण त्याखाली 'आकाशदर्शन, व्याख्याने, वाचनगट आणि निरीक्षणांच्या नोंदी ठेवणे' हे पाहिजेच. पुढे एखाद्या खर्चावर 'हे आपल्या उद्देशात बसतं का' असा प्रश्न निघाला, तर उत्तर या दुसऱ्या ओळीतूनच मिळतं.

घटना मराठी आणि इंग्रजी दोन्हींत करणार असाल तर अर्थाबाबत वाद झाल्यास कुठली प्रत ग्राह्य, तेही इथेच लिहून टाका.

३. सभासद कोण?

'मंडळात रस असणारा कोणीही' ही व्याख्या कामाची नाही. मतदानाच्या दिवशी कोण आत आणि कोण बाहेर, हे यादी पाहून सांगता आलं पाहिजे. सभासद म्हणजे चालू वर्षी कॉलेजात प्रवेश असलेला, अर्ज भरलेला, वर्गणी असेल तर ती भरलेला विद्यार्थी. जात, धर्म, लिंग, शाखा, अपंगत्व यांवरून कोणाला नाकारलं जाणार नाही, हे वाक्य स्पष्ट लिहा. 'शाखा' हा शब्द मुद्दाम घातला आहे. खगोल मंडळात कला शाखेच्या मुलांना 'तुम्हाला फिजिक्स येतं का' असं विचारणारे भेटतातच.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं बहुतेक अठराच्या आतली. त्यांना सभासद करून घ्यायचं का, रात्रीच्या कार्यक्रमाला पालकांचं संमतिपत्र लागेल का, त्यांना मत असेल का आणि पैशांवर सही करायचं पद त्यांच्याकडे जाईल का, हे लिहा. आमच्या मते मत द्यावं, खजिनदारपद देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांना 'स्नेही सभासद' करा. बोलावं, शिकवावं, देणगी द्यावी, पण मत नाही. पास होऊन गेलेले दादा-ताई मायेने येतात आणि मायेनेच मंडळ चालवायला लागतात. हे टाळायचं तर कलम आधीच असलेलं बरं, नंतर आणलं की ते कोणा एकावर रोखलेलं वाटतं.

४. पदाधिकारी: कमी ठेवा, कामं लिहा

अध्यक्ष, सचिव, खजिनदार, साहित्यप्रमुख आणि दोन-तीन कार्यकारिणी सदस्य. बस्स. 'सहसचिव (सोशल मीडिया)', 'उपसंयोजक (आदरातिथ्य)' अशी पदं बायोडेटासाठी निर्माण होतात आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोडायला कारण होतात.

प्रत्येक पदापुढे गुण लिहू नका, कामं लिहा. 'सचिव कार्यक्षम व निष्ठावान असावा' यातून काहीच निघत नाही. त्याऐवजी: 'सचिव सभेची सूचना व विषयपत्रिका सात दिवस आधी काढेल, इतिवृत्त सभेनंतर पाच दिवसांत नोंदवहीत लिहील आणि पुढच्या सभेत वाचून कायम करून घेईल.' काम झालं की नाही, ते यावरून कोणीही सांगू शकतं.

प्रभारी प्राध्यापकांचं स्थानही नेमकं सांगा. ते सल्ला देतील, खर्चाच्या कागदांवर प्रतिस्वाक्षरी करतील, रात्रीच्या कार्यक्रमाला परवानगी देतील. अध्यक्ष कोण व्हावा ते ठरवतील का? तुमचं उत्तर 'नाही' असेल तर लिहा. सरांना ते वाचून राग येईल अशी भीती वाटते, पण बहुतेक शिक्षकांना आपली जबाबदारी कुठे संपते हे कळल्याने हायसंच वाटतं.

५. निवडणूक फेब्रुवारीत घ्या

नव्या मंडळांचं सर्वांत जास्त नुकसान कशाने होत असेल तर जुलैतल्या निवडणुकीने. तिसऱ्या वर्षाची मुलं परीक्षा देऊन मेमध्ये गेलेली असतात, कपाटाची किल्ली त्यांच्यापैकी कोणाच्या तरी गावी असते आणि नवे पदाधिकारी शून्यापासून सुरू करतात. म्हणून निवडणूक फेब्रुवारीत, कार्यभार १५ मार्चपर्यंत हस्तांतरित, आणि सत्र संपेपर्यंत जुने पदाधिकारी सोबत. प्रथम वर्षाची एक-दोन पदं रिकामी ठेवा, ती पावसाळी सत्रात भरा.

निवडणूक अधिकारी स्वतः उमेदवार नसावा. प्रत्येक अर्जावर सूचक आणि अनुमोदक हवेत. मतदान गुप्त, चिठ्ठीवर. हात वर करून घेतलेल्या मतदानात प्रथम वर्षाची मुलं सीनियरच्या हाताकडे बघून हात वर करतात. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल, हेही आधीच लिहा.

विद्यार्थी संघटनांच्या निवडणुकांसाठी लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. छोट्या मंडळाला त्या जशाच्या तशा लावण्याचं कारण नाही, पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: उमेदवाराची ७५ टक्के हजेरी आणि पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहण्याची मुभा. दुसरी गोष्ट जरा कडक आहे. आम्ही ती 'त्याच पदावर दोनदा नाही' अशी सैल केली.

६. सभा, गणसंख्या आणि बहुमताचं गणित

इथे घाई करू नका. घटनेवरची बहुतेक भांडणं याच कलमात जन्मतात.

समजा, सभासद ६० आहेत. गणसंख्या, म्हणजे कोरम, एक-तृतीयांश ठेवली तर २० जण हवेत. ऑगस्टमध्ये ४० येतील, सत्र परीक्षेच्या तोंडावर अकरा. गणसंख्या अर्धी ठेवली तर सभाच होणार नाही. दहा टक्के ठेवली तर सहा मित्र मिळून मंडळ विकून खातील. एक-तृतीयांश ठीक आहे, पण ती भरली नाही तर काय, याचं उत्तर हवं.

हे उत्तर तुमच्या आई-बाबांकडे आलेल्या हाउसिंग सोसायटीच्या नोटिशीत तळाशी छापलेलं असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. सोय चांगली आहे, पण तिच्यात पळवाट आहे. कोणी मुद्दाम गैरसोयीची वेळ ठरवेल, अर्धा तास चहा पिईल आणि पाच जणांत घटनाच बदलून टाकेल. म्हणून पुढे एक ओळ जोडा: 'तहकूब सभेत केवळ विषयपत्रिकेवरील नेहमीचे विषय घेता येतील. घटनादुरुस्ती, पदाधिकाऱ्यास दूर करणे, सभासदत्व रद्द करणे व विसर्जन हे विषय घेता येणार नाहीत.'

आता बहुमत. 'दोन-तृतीयांश बहुमताने' असं लिहून थांबू नका. कशाच्या दोन-तृतीयांश? एकूण ६० च्या म्हटलं तर ४० मतं लागतील आणि कुठलीही दुरुस्ती कधीच होणार नाही. उपस्थितांच्या म्हटलं तर २० जणांच्या सभेत १४ पुरतात. त्यात तटस्थ राहिलेले धरायचे का, हा तिसरा प्रश्न. भारताच्या संविधानात कलम ३६८ ने दोन अटी एकत्र घातल्या आहेत: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. मंडळाला एवढी तटबंदी झेपत नाही. नेहमीच्या ठरावांना 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचं साधं बहुमत' आणि मोठ्या विषयांना 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश, मात्र सभेस एकूण सभासदांपैकी निम्मे हजर असल्यास' एवढं पुष्कळ झालं.

व्हॉट्सॲपवरच्या पोलला काय किंमत? कार्यक्रमाची तारीख, टी-शर्टचा रंग यासाठी चालेल. पैसे, पदं आणि घटना यांसाठी नाही. हे लिहिलं नाही तर 'ग्रुपवर ४३ जणांनी अंगठा दिला होता' हा पुरावा म्हणून पुढे येईल, आणि त्या ४३ मध्ये दोन वर्षांपूर्वी पास झालेले पंधरा असतील.

७. पैसे

नोंदणी नसलेल्या मंडळाला स्वतःच्या नावाचं बँक खातं काढणं अवघड जातं. मग सोपा मार्ग निघतो, तो म्हणजे खजिनदाराचा क्यूआर कोड. वर्गणी, कार्यशाळेची फी, प्रायोजकाचे पैसे, सगळं त्याच्या खिशातल्या फोनवर. त्यात त्याच्या घरून आलेले मेसचे पैसेही असतात. तो प्रामाणिक असला तरी वर्षाअखेरीस हिशेब लागत नाही, आणि प्रामाणिक मुलावर संशय येतो. मी अशी मैत्री तुटलेली पाहिली आहे, म्हणून या कलमात सवलत नको: 'मंडळासाठी कोणतीही रक्कम कोणाच्याही वैयक्तिक खात्यात स्वीकारली जाणार नाही.'

मग ती जाणार कुठे? कॉलेजच्या खात्यात, मंडळाच्या नावाच्या वेगळ्या शीर्षाखाली. कार्यालयात भरा, पावती घ्या, खर्चासाठी उचल काढा, बिलं जोडून हिशेब द्या. संथ आहे, मान्य. पण कॉलेजच्या लेखापरीक्षणात आपोआप येतं. बिल कॉलेजच्या नावे घ्या. नाव नसलेलं बिल लेखा विभागातून परत येतं आणि समोशांचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

खर्चाच्या मर्यादा आकड्यांत लिहा. नमुना: ५०० रुपयांपर्यंत खजिनदार एकटा, ३,००० पर्यंत सचिव व खजिनदार मिळून, त्यावर कार्यकारिणीचा ठराव. आकडे तुमच्या अंदाजपत्रकाप्रमाणे बदला. ते घटनेत न घालता परिशिष्टात ठेवले तर महागाई वाढल्यावर घटनादुरुस्तीची सभा घ्यावी लागत नाही.

दर सत्राच्या शेवटी कार्यकारिणीबाहेरचे दोन सभासद कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि व्हाउचर तपासतील, आणि एक पानी जमाखर्च सूचनाफलकावर लागेल. शक्यतो त्यातला एक जण वाणिज्य शाखेचा असू द्या.

८. दुर्बीण, किल्ली आणि पासवर्ड

जडवस्तूंची नोंदवही, म्हणजे कार्यालयातलं 'डेडस्टॉक', मंडळाचीही ठेवा: वस्तू, कधी आली, कितीला, कोणाकडून, आज कुठे. माजी विद्यार्थ्याने दुर्बीण भेट दिली तर 'मंडळाच्या वापरासाठी कॉलेजला भेट' असं त्यांच्या सहीचं पत्र घ्या. तोंडी भेटीचं पुढे 'मी वापरायला दिली होती' असं होतं.

कपाटाच्या किल्ल्या दोन, एक साहित्यप्रमुखाकडे, दुसरी विभागात. वस्तू बाहेर नेताना नोंद आणि दोन सह्या. आमच्या घटनेत 'पावसाळ्यात उपकरणे कोरड्या जागी सिलिका जेलसह ठेवावीत' असंही आहे. घटनेत हे शोभत नाही असं काहींना वाटलं. पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बंद पेटीत राहिलेल्या भिंगावर बुरशी चढलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ते शोभतं.

इन्स्टाग्राम खातं, ईमेल, ड्राइव्हवरचे फोटो, ग्रुपचं ॲडमिनपद हीसुद्धा मालमत्ताच. खातं मंडळाच्या ईमेलवर उघडा, कोणाच्या खासगी ईमेलवर नको. आणि नुसता पासवर्ड देऊन भागत नाही. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो बदलला नाही तर खातं अजून जुन्याच सचिवाकडे आहे. कलम असं: 'निवडणुकीनंतर सात दिवसांत मावळते पदाधिकारी सर्व खात्यांचे पासवर्ड व पुनर्प्राप्तीचे क्रमांक नव्या पदाधिकाऱ्यांच्या समक्ष बदलून देतील आणि तशी नोंद इतिवृत्तात होईल.' पासवर्ड स्वतः घटनेत लिहू नका. हसू नका, लिहिलेला पाहिला आहे.

९. तक्रारी आणि हकालपट्टी

सभासदाला काढण्यापूर्वी लेखी कारण, उत्तरासाठी किमान सात दिवस, आणि निर्णय ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला वगळून. अध्यक्षाविरुद्ध अविश्वासाचा ठराव असेल तर त्या सभेचं अध्यक्षपद दुसरं कोणीतरी घेईल.

मंडळाने स्वतः हाताळू नयेत अशा तक्रारीही असतात. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे आणि रॅगिंगची रॅगिंगविरोधी समितीकडेच जाईल, 'आपापसात मिटवण्याचा' प्रयत्न मंडळ करणार नाही, असं लिहा. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधाचा कायदा १९९९ पासून आहे. 'नव्या सभासदांची ओळखपरेड' ही परंपरा म्हणून कुठे डोकावत असेल तर ती इथेच बंद करा.

१०. दुरुस्ती आणि विसर्जन

दुरुस्तीचा मजकूर सभेच्या १४ दिवस आधी शब्दशः सगळ्यांना मिळाला पाहिजे. 'कलम सहामध्ये बदल करण्याबाबत' एवढीच विषयपत्रिका चालणार नाही. मंजूर दुरुस्तीची तारीख त्या कलमाखाली लिहा.

मंडळ काढतानाच बंद करायचं कलम लिहायला जीवावर येतं. पण सलग दोन वर्षं निवडणूकच झाली नाही तर दुर्बिणीचं काय? संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १४ मधला विचार घ्या: विसर्जनानंतर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जात नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. तुमच्या बाबतीत ती भौतिकशास्त्र विभागाकडे किंवा ग्रंथालयाकडे जाईल असं ठरवा.

११. मंजुरी

मसुदा आधी मंडळाबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि तीन प्रश्न विचारा: खजिनदार मध्येच कॉलेज सोडून गेला तर काय होईल? आज सभेला अठराच जण आलेत, काय करता येईल? दुर्बीण घरी नेता येईल का? त्याला उत्तरं नुसती घटना वाचून देता आली पाहिजेत. जिथे तो तुमच्याकडे बघेल, ते कलम परत लिहा.

मग संस्थापक सभा बोलवा आणि कलमवार वाचन करा. 'सर्वानुमते मंजूर' लिहिण्यापूर्वी मतं खरंच विचारा. ठरावावर सूचक-अनुमोदकांची नावं आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. पहिली कार्यकारिणी हंगामी असेल आणि तिची मुदत येत्या फेब्रुवारीपर्यंतच, हे त्याच ठरावात घ्या.

प्राचार्यांना द्यायच्या अर्जासोबत घटना, इतिवृत्ताची प्रत, सभासद यादी आणि संमतिपत्र जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. मान्यता लेखी आल्यावर मूळ प्रत विभागाच्या कपाटात, एक ग्रंथालयात, एक इतिवृत्ताच्या पुस्तकाला चिकटवून ठेवा, आणि पीडीएफ मंडळाच्या ईमेलवर. दर वर्षी कार्यभार घेताना नव्या सचिवाने पुस्तकातल्या त्या प्रतीखाली 'वाचली' असं लिहून तारखेसह सही करावी.